एकेचाळिसावी चाल

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात, मासेमारी बंदीच्या दिवसांत,
कॉम्प्रेसर निम्म्यावर चालतो तेव्हा,
दाऊद परकारनं माझा घोडा मारायचा सोडून
प्यादं पुढं ढकललं. एकेचाळिसावी चाल.
डाव बरोबरीत सुटला. वाद सुटला नाही.
तो म्हणाला, नीट खेळलो असतो तर हरलाच होतास.
मी म्हणालो, कसला हरवतोस.
याला आता अकरा वर्षं झाली.

पहिल्यांदा पुतण्याच्या कॉम्प्युटरवर ती चाल मांडली.
इंजिन म्हणालं, पांढरा जिंकतोय. पांढरा म्हणजे दाऊद.
त्यानं अख्ख्या जेट्टीला भजी चारली.
मी म्हणालो, हे जुनं आहे रे, नवीन येतंय.
नवीन आलं. रात्रभर पंखा फिरवून
त्यानं पांढऱ्याचं पारडं जरासं हलकं केलं.
पुढच्यानं अजून जरासं.
मग एकानं शून्य दाखवलं, धुतल्यासारखं शून्य,
तेव्हा दाऊद म्हणाला, थांब की, याच्या पुढचं येऊ दे.

असे थांबलो आम्ही, आळीपाळीनं.
जो हरत असेल त्याचा
पुढच्या आवृत्तीवर विश्वास.

मधे त्याची रेहाना नर्स होऊन मस्कतला गेली.
माझा उजवा गुडघा गेला.
जेट्टीच्या कामाचं दोनदा उद्घाटन झालं.
पटाला मात्र कोणी हात लावला नाही.
बरोबर काय ते कळल्याशिवाय
खेळायचं तरी कशाला?

शिमग्याच्या आधी हिराजी पावसे तांडेल
बर्फ भरायला आला, आमचं ऐकत उभा राहिला.
म्हणाला, बापाकडं शिडाचा मचवा होता,
सुरमई किल्ल्याच्या मागं मिळायची.
मी दोन सिलिंडर बसवलं, ती वीस वाव पाण्यात गेली.
सहा बसवलं, आता दोन दिवस जावं लागतं.
इंजिन वाढलं तसा मासा लांब गेला.
तुमचं काय वेगळं?
आणि गेला, लाद्यांचे पैसे उद्यावर टाकून.

त्या रात्री नवीन आवृत्ती उतरत होती.
त्रेसष्ट टक्क्यांवर अडकली.
मी त्या आकड्याकडं बघत बसलो.
भरतीची वाट आपण बघतोच,
ओहोटीला बोट रेतीत बसते, इलाज नसतो.
पण भरती आल्यावर कोणी म्हणतं का
की ही राहू दे, याहून मोठी येईल?

समजा, खरंच कळलं.
समजा, एखाद्यानं तळापर्यंत बघून सांगितलं,
बरोबरी. किंवा दाऊद.
मी त्याला फोन करणार. तो म्हणणार, बरं.
मग?
दर सहा महिन्यांनी तो यायचा, कोरा चहा घ्यायचा,
चष्मा कपाळावर ढकलून आकडा वाचायचा,
कधी हसायचा, कधी मशीनला शिवी द्यायचा.
म्हणजे थांबण्यात अगदीच काही नव्हतं
असंही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पट काढला.
काळा उंट उंदरांनी कुरतडलेला,
एका प्याद्याच्या जागी डिझेलच्या कॅनचं झाकण.
दाऊद आला. झालं का उतरून?
होतंय, म्हटलं. बस.

त्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं.
सातव्या चालीला अडला,
कान चोळत बसला वीस मिनिटं.
खाली कॉम्प्रेसरची घरघर, दाराशी बांगड्याचा वास,
आणि मी परत वाट बघतोय.
फक्त समोर माणूस होता,
त्याच्या दोन बोटांत हत्ती लोंबत,
टेकवू की नको.

टेकवला. चुकीच्या घरात.
मला दिसलं. मी बर्फाच्या टाकीकडं
बघत राहिलो थोडा वेळ.